रबराचं तेलपाणी

मचव्यातून उतरताना तो फळीवरून घसरला आणि ओहोटीच्या चिखलात बसला. पांढरी पँट, हातात कातडी बॅग. मी थळच्या बंदरावर मासळी उतरवायला उभी होते. हसू दाबत मी हात पुढे केला. त्यानं तो घट्ट धरला, अर्धा उठला आणि विचारलं, "अंबाजी पाणबुडे कुठं राहतात? मी मुंबईहून आलोय. कंपनीचा माणूस."

मी हात सोडला. तो पुन्हा बसला.

त्या कंपनीवर माझा रागच तसा होता. अंबाजी म्हणजे माझे बाबा. मुंबईच्या गोदीतली पाणबुड्याची नोकरी सुटल्यावर त्यांनी त्या कंपनीकडून पाण्याखाली श्वास घ्यायचा संच आणला होता. टाकी, मुखवटा, रबरी नळी, आणि वर्षाची गॅरंटी. दिवाळी सरली नाही तोच नळी पाण्याखाली फाटली, बाबा खोकत वर आले. तक्रार केली तर कंपनी म्हणते, माणूस पाठवून बघू. तोवर बाबा बुडालेले नांगर, जाळी काढायला पूर्वीसारखे नुसत्या दमावर बुड्या मारत होते. पन्नाशी उलटलेली, कानातून रक्त यायचं. कापसाचा बोळा घालून पुन्हा जायचे.

आमच्या ओटीवर बसून त्यानं मुखवटा हातात घेतला, दाबला, नाकाशी नेला. मग माझ्याकडे बघितलं… माझ्या वेणीकडे.

"खोबरेल?"

"हो. दर रविवारी मीच लावते. चांगलं चोळून."

"नळीलाही?"

"नळी कशाला ठेवू कोरडी?"

तो हसला नाही. "बाई, तेलानं रबर फुगतं, कुजतं. हे गॅरंटीत बसत नाही."

म्हणजे बाबांचा जीव मीच घालवत होते, तेसुद्धा माया करून करून. मी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात बाबा किनाऱ्यावरून आले.

"आमच्या केसरला काय बोलू नका. दुकानात मला सांगितलं व्हतं, तेलपानी करत जा, वरीसभर बघायला नको. मी घरी येऊन तेच सांगितलं." बाबांनी त्याच्याकडे निरखून बघितलं. "आणि सांगणारे तुमीच की, सायेब!"

त्याचं तोंड उतरलं. "म्हणालो असेन… सगळ्यांनाच म्हणतो. पंप न्या, सायकल न्या, 'तेलपाणी करा' हे तोंडात बसलंय. म्हणायचं होतं, निगा राखा."

"मग तसं म्हणायचं!" मी म्हटलं. "आता तुमच्या वरच्या साहेबाला काय सांगणार?"

"खरं सांगितलं तर माझी धडगत नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

तो बाबांच्या कानातल्या कापसाकडे बघत राहिला. मग बॅग उचलली. "सांगतो," म्हणाला. जाताना नाव तेवढं सांगितलं – सदा, गाव पाली. पोहता येत नाही, हेही सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

मी वाट बघू लागले. संचाची, असं मी आईला सांगत होते. मनाला मात्र ठाऊक होतं. मचवा लागला की आधी फळीकडे नजर जायची, आणि पांढरी पँट दिसली नाही की दिवसभर माझं कुणाशी पटायचं नाही.

शिमग्याच्या आधी तो आला. खांद्यावर नवा संच. बाबांनी तो उघडून ओटीवर मांडला आणि लहान पोरासारखे त्यातच रमले. त्याला पोचवायला बंदरापर्यंत मी गेले.

"नोकरी आहे ना?"

"दुकानातून काढलं, गोदामात टाकलं. पगार कमी."

"वाईट झालं…"

"तसं काही नाही. गोदामवाल्यांना सामान पोचवायला बाहेर धाडतात. थळचं मी मागून घेतलं."

मी खाली बघितलं. "आता नळीला काय लावू?"

"काही नाही. गोड्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा. आणि दर महिन्याला कंपनीच्या माणसाकडून तपासून घ्या."

"असा नियम आहे?"

"नियम नाही… मी सांगतोय."

"तुमच्या सांगण्यावर आमची एक नळी गेली!"

तो फळीवर चढला होता. तिथून वळला. कान लाल झालेले.

"मग या वेळी नीट सांगतो. केसर, तू मला आवडतेस. तुझ्याशी लग्न करायचंय. बाबांना विचारायला पुढच्या महिन्यात वडिलांना घेऊन येतो. तू हो म्हणालीस तर. याचा दुसरा काहीही अर्थ—"

फळी हलली. तो चिखलात बसला.

मचव्यातले लोक हसले. मी खाली वाकून हात दिला. त्यानं धरला, पण उठला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"हो," मी म्हटलं. "याचाही दुसरा अर्थ नाही."

मग ओढून वर काढला. मचवा सुटायची वेळ झाली होती. तांडेल ओरडत होता, तरी हात काही सुटला नाही.