पुढे न सरकणारी ओळ

कुकरची शिट्टी झाली तशी कुमुदिनीबाईंनी लगबगीनं गॅस बारीक केला. कानामागे कातडीखाली बसवलेलं श्रवणबीज आवाज थेट मज्जातंतूकडे पोचवत होतं. ओळखीचा आवाज असला तर इतर गलक्यातून वेगळा काढून. बहिरेपणातून बाहेर आलेल्या बाईंना शिट्टीचंसुद्धा कौतुक होतं.

"एवढा भारी कान बसवलास," त्या लेकीला, केतकीला म्हणाल्या, "आणि घरात बोलायचं मात्र नाही. बोल की काहीतरी!"

"वरणात मीठ कमी आहे."

"त्यापेक्षा बहिरी होते ती बरी," म्हणत आई हसली.

दुसऱ्या दिवशी आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ती शुद्धीवर आलीच नाही. दवाखान्यात केतकी उशाशी बसून फोनवर बीजाची निदान-फाइल, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदी, उघडत राहिली. दर वेळी शेवटची ओळ तीच: 'स्कॅनसाठी श्रवण बंद.' ऐकूच येत नसेल तर बोलायचं कशाला? ती नुसती हात धरून बसली.

बॅटरी अग्नीत फुटते म्हणून दहनापूर्वी डॉक्टरांनी बीज काढून दिलं. घरी केतकीनं ते चार्जरच्या चकतीवर ठेवलं आणि हिरवा दिवा लागला. हिरवा म्हणजे ऐकतंय. मग फाइल बंद का म्हणते?

आतल्या खोलीत लॅपटॉपशी बसून तिनं रेहानाला फोन लावला. बीजाचा कर्नल, म्हणजे त्याच्या संगणकप्रणालीचा सगळ्यात आतला गाभा, ऑफिसात दोघी मिळून सांभाळत.

"फाइल लांबली की कर्नल ती तुकड्यातुकड्यानं देतो," कोड चाळत रेहाना म्हणाली. "प्रत्येक तुकड्यानंतर खूण पुढच्या ओळीवर जायला हवी. इथे ती सरकतच नाहीये बघ. जुनीच ओळ परत परत येतेय."

खूण पुढे सरकवणारी सूचना केतकीनं कोडमध्ये घातली आणि फाइल पुन्हा उघडली. अडकून पडलेल्या नोंदी खाली उतरू लागल्या.

'स्कॅनसाठी श्रवण बंद.'
'श्रवण चालू. आवाज अनोळखी.'
'श्रवण चालू. आवाज अनोळखी.'

पुढेही तेच, अगदी आईच्या शेवटापर्यंत.

"म्हणजे आई ऐकत होती?"

"बीज चालू होतं, केतकी. त्याच्या पलीकडचं कर्नलला कळत नाही गं."

केतकीनं फोन ठेवला आणि लॅपटॉप घेऊन ती बाहेर चकतीपाशी आली. दिवा तसाच हिरवा होता. कोणासाठी, ते तिला उमगेना.

"आई," ती म्हणाली.

पडद्यावर नवी ओळ उमटली. 'श्रवण चालू. आवाज ओळखीचा.'

"आई, जाऊ नकोस ना. ऐकतेयस?"