शिट्टी वाजेपर्यंत

"खाणीत माणूस मेलाय, साहेब," फोनवरचा आवाज म्हणाला. "आणि जिच्यामुळे मेला ती बाई सही करायला तयार नाही."

इन्स्पेक्टर ग्विलिम प्रॉसरने पाइप खाली ठेवला. "कशावर सही?"

"स्वतःच्या चुकीवर!"

फोनवर हॅगस्टोनच्या दगडखाणीचे मालक फॉसेट होते. प्रॉसरने हॅट उचलली आणि गाडी काढली.

प्रॉसर मूळचा वेल्सचा. घरी वेल्श बोलायचा, इंग्रजी शाळेत शिकला. युद्ध संपल्यावर यॉर्कशरच्या पोलिसांत आला आणि इथेच रुजला. परक्या भाषेत वाढलेल्या माणसाचे कान जरा जास्तच उघडे असतात. त्याचे तसे होते.

खाणीच्या कचेरीत फॉसेट येरझाऱ्या घालत होते. दक्षिणेतल्या महागड्या शाळेत शिकलेले, आवाज घासूनपुसून ठेवलेला.

"सरळसरळ अपघात आहे," ते म्हणाले. "परवा दुपारी सुरुंग उडवायचे होते. भोंगा झाला, माणसं वर आली. एमॉस ग्रीनवुड, आमचा मुकादम, परत खाली गेला. एका सुरुंगाची तार सुटल्यासारखी वाटली म्हणे. खालच्या टपरीतून त्याने वजनकाट्यावर फोन केला. काट्यावर एडा सग्डन बसते. तिने निरोप आणला तो असा: डोन्ट फायर व्हाइल ही व्हिसल्स."

"आणि सुरुंग उडवणारा कोण?"

"ट्रेम्लेट. माझा मॅनेजर. नेहमीचा माणूस आजारी होता. ट्रेम्लेटने सरळ इंग्रजी अर्थ घेतला: एमॉस शिट्टी वाजवत असताना उडवू नका. शिट्टी वाजत नव्हती. त्याने केबिनमधला सुरुंगाचा दांडा दाबला."

"आणि बाईंना म्हणायचं होतं..."

"शिट्टी वाजवेपर्यंत उडवू नका! व्हाइल म्हणजे पर्यंत! हे कुठलं इंग्रजी? उद्या कॉरोनरसमोर मृत्यूची चौकशी आहे. शब्द चुकीचा वापरला एवढं तिने लिहून दिलं की संपलं."

"तिचे शब्द हेच होते, यावर वाद नाही?"

"अजिबात नाही. दोघंही तेच सांगतात."

ही गंमतच होती. साक्षीदारांचं शब्दांवरून जमत नाही हे प्रॉसरला सवयीचं होतं. इथे शब्दन्‌शब्द जुळत होता, आणि माणूस मात्र दगडांखाली गेला होता.

एडा सग्डन वजनकाट्याच्या खोलीत हाताची घडी घालून बसली होती. पन्नाशीची, रुंद हाडाची. डोळे कोरडे.

"तुम्हीही इंग्रजी शिकवायला आलात?" तिने विचारलं.

"मी वेल्सचा, बाई. मला कोण शिकवू देणार?"

तिचे ओठ किंचित हलले. मग पुन्हा घट्ट मिटले.

"मी शब्द बरोबर वापरला," ती म्हणाली. "या भागात व्हाइल म्हणजे पर्यंत. माझी आई तसंच म्हणायची, पाद्रीबाबाही म्हणतात. नऊ व्हाइल पाच मी या खुर्चीवर असते. नऊपासून पाचपर्यंत. पगार देताना मालकांना बरोबर कळतं. माणूस मेल्यावर कळेनासं झालं!"

"एमॉसने फोनवर काय सांगितलं?"

"हेच. जसंच्या तसं मी नेऊन पोचवलं. पळत गेले."

"केबिनमध्ये ट्रेम्लेट एकटेच होते?"

"एकटेच. शेजारी खडी फोडायचा क्रशर नुसता दणदणत होता. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले. एकदा नाही, दोनदा."

"त्यांनी काही विचारलं? म्हणजे काय, पुन्हा सांग, असं?"

"नाही. माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मी काट्याकडे परत निघाले. अर्ध्या वाटेवर होते तोच..." तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"एमॉसचं आणि त्यांचं कसं होतं?"

"मार्चमध्ये पूर्वेचा कडा ढासळला. दोन माणसांचे पाय गेले. कड्याला तडा गेलाय, तिथे माणसं लावू नका, असं एमॉसने साहेबाला आधी सांगितलं होतं. साहेब म्हणतो, मला कुणी काही सांगितलंच नाही. सरकारी खाण निरीक्षक या आठवड्यात येणार होता. एमॉस त्याच्यासमोर उभा राहणार होता."

"हे मालकांना माहीत आहे?"

"मालकांना माहीत करून घ्यायचं नाही."

प्रॉसर उठला. दारात थांबून म्हणाला, "सही केलीत तर नोकरी राहील, असं म्हणताहेत."

"मला माहितीय काय म्हणताहेत ते," एडा म्हणाली. "जा सांगा त्यांना, माझ्या हाताला पेन धरता येत नाही म्हणून."

ट्रेम्लेट तरुण, देखणा होता. रेशमी टाय. बोलणं लोण्यासारखं मऊ.

"त्या बाईबद्दल माझ्या मनात राग नाही, इन्स्पेक्टर. बिचारीला जे येतं ते ती बोलली."

"ऐकल्यावर तुम्ही काय केलंत?"

"केबिनच्या दारात उभा राहिलो. कान देऊन ऐकलं. शिट्टी वाजत असेल तर थांबायचं, असंच मला वाटत होतं ना! मिनिटभर तरी ऐकलं. सगळं अगदी शांत होतं. मग आत येऊन दांडा दाबला."

"निरोप विचित्र वाटला नाही?"

"इथलं सगळंच बोलणं विचित्र वाटतं. मी सरीचा, दक्षिणेतला. वर्ष झालं येऊन, अजून निम्मं कळत नाही. तुम्हाला कळतं?"

"हळूहळू," प्रॉसर म्हणाला. "एमॉस निरीक्षकाला काय सांगणार होता?"

लोणी जरा गोठलं. "मला कल्पना नाही."

बाहेर क्रशर बंद पडून होता. तो चालवणारा सेथ हर्स्ट पायरीवर बसून मांसाची पेस्ट्री खात होता. इन्स्पेक्टरला बघून उठायची तसदी त्याने घेतली नाही.

"एडाला त्रास द्यायला आला असाल तर आमची पन्नास माणसं उद्या काम बंद करतील," तो म्हणाला.

"मी क्रशरबद्दल विचारायला आलोय."

"मग विचारा."

"सुरुंगाच्या वेळी हा चालू असतो?"

"छे! केबिनमधून दिवा लावतात. दिवा दिसला की मी बंद करतो. सगळं गप्प झालं की मगच दांडा दाबायचा, असा नियम आहे."

"त्या दिवशी?"

"दिवा लागलाच नाही. मी आपला खडी पाडतोय, आणि एकदम धडाका. पत्र्यावर दगड आले तेव्हा बंद केला."

"हा चालू असताना केबिनच्या दारात शिट्टी ऐकू येईल?"

सेथने त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तिथे बँड वाजला तरी ऐकू यायचा नाही."

संध्याकाळी प्रॉसर लम्बबाईंकडे गेला. ट्रेम्लेट त्यांच्याकडे भाड्याने राहायचा. बाईंनी चहा ओतला, आल्याच्या केकचा जाड तुकडा पुढे सरकवला आणि न विचारताच सुरुवात केली.

"सोन्यासारखा माणूस! बूट पुसून आत येतो. पहिल्या दिवसापासून कधी काही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. आधीचा भाडेकरू केंटहून, तिकडे दक्षिणेतून आलेला. त्याला आणि यांना मी एकच सांगितलं होतं: डोन्ट टच द टॅप व्हाइल द बॉयलर्स लिट. केंटवाला आठवडाभर थंड पाण्यात अंघोळ करत बसला, आणि वर मलाच बोल लावले, म्हातारी हिवाळ्यात मारायला निघालीय म्हणून! ट्रेम्लेट साहेबांचं तसं नाही. मी बंब पेटवते, ते वरून विचारतात, पेटला का? मग खुशाल नळ सोडतात."

"पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच. घ्या ना अजून एक तुकडा."

प्रॉसरने घेतला. केक खरंच चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चौकशी सुरू व्हायच्या आधी, फॉसेटनी एडाला कचेरीत बोलावलं. ट्रेम्लेट खिडकीपाशी उभा होता. प्रॉसर दाराजवळच्या खुर्चीवर, आणि बाहेर त्याचा हवालदार.

"शेवटचं विचारतो, एडा," फॉसेट म्हणाले. "शब्द चुकला म्हण. नाहीतर नोकरीही जाईल आणि खाणीचं घरही."

"घर घ्या," एडा म्हणाली. "जीभ माझी आहे. एमॉस बरोबर बोलला, मी बरोबर बोलले. मेलेल्या माणसाला मी अडाणी ठरवणार नाही."

"हा आडमुठेपणा आहे!"

"असेल. माझाच आहे."

"मालक, जरा थांबता?" प्रॉसर उठला. "कॉरोनरकडे जाण्याआधी ट्रेम्लेट साहेबांशी मला बोलायचंय."

ट्रेम्लेट हसला. "बोला की."

"तुम्ही म्हणालात, दारात उभं राहून मिनिटभर ऐकलंत. सगळं शांत होतं."

"होतं."

"क्रशर चालू होता. एडाबाई तुमच्या कानाशी येऊन ओरडल्या. सेथने तो धडाक्यानंतर बंद केला, कारण तुम्ही दिवा लावलाच नाहीत. त्या गोंगाटात तुम्ही शिट्टी ऐकत होतात?"

ट्रेम्लेटचं हसू तसंच राहिलं. "घाईत विसरलो असेन. माणूस गोंधळतो."

"मानलं. पण बघा. शिट्टी वाजत असताना उडवू नका, असा अर्थ खरोखर घेणारा माणूस आधी काय करेल? ती वाजतेय का ते ऐकेल. म्हणजे क्रशर बंद करेल. आणि शिट्टी वाजवेपर्यंत उडवू नका, असा अर्थ घेणाराही क्रशर बंद करून वाट बघेल. ऐकण्याची गरज नाही असा माणूस एकच: ज्याला शिट्टीशी काही देणंघेणं नाही. ज्याला फक्त एवढंच हवंय, की एमॉस खाली आहे."

फॉसेट खाली बसले.

"मूर्खपणा आहे," ट्रेम्लेट म्हणाला. "ती काय म्हणाली हेच मला कळलं नव्हतं. मी इथला नाही."

"तिथेच तर येतोय. वर्षापूर्वी लम्बबाईंनी तुम्हाला बजावलं, नळाला हात लावू नका, व्हाइल बंब पेटलाय. तुमच्या सरीच्या इंग्रजीत याचा अर्थ, बंब पेटलेला असताना नळ सोडू नका. केंटवाल्याने तोच घेतला आणि गारठला. तुम्ही पहिल्या दिवसापासून बंब पेटेपर्यंत थांबलात. एकदाही चुकला नाहीत."

"गरम पाणी कधी येतं हे अक्कल सांगते! त्याला यॉर्कशरचं बोलणं कळावं लागत नाही."

"बरोबर," प्रॉसर शांतपणे म्हणाला. "मग अंघोळीच्या वेळी अक्कल चालली, आणि खाली माणूस आहे हे माहीत असताना ती कुठे गेली? कुठलाही अर्थ घ्या, निरोपाचा मतलब एकच होता: एमॉस खाली आहे, थांबा. आणि तुम्ही एक प्रश्नही विचारला नाहीत."

प्रॉसर खिडकीपर्यंत गेला.

"मी तुम्हाला सांगतो काय झालं ते. निरीक्षक येणार होता. मार्चमधल्या तड्याची सूचना तुम्हाला दिली होती, हे शपथेवर सांगणारा एकच माणूस होता, आणि तो भरलेल्या सुरुंगांजवळ एकटा होता. एवढ्यात एडाबाई आल्या आणि एक वाक्य बोलल्या. ज्याला एकच अर्थ येतो त्याला त्यात एकच अर्थ दिसला असता. तुम्हाला दोन्ही येत होते. इथल्या अर्थाने तुम्हाला कळलं की एमॉस अजून वर आलेला नाही. आणि दक्षिणेच्या अर्थाने सबब मिळाली. एडाबाईंनी तुमची मान हललेली पाहिली आणि त्या निघून गेल्या. त्या काट्यापर्यंत पोचायच्या आत तुम्ही दांडा दाबलात. मिनिटभर कसले थांबताय!"

ट्रेम्लेट मालकांकडे वळला. "सर, तुम्ही यांचं ऐकून घेताय?"

फॉसेट त्याच्याकडे बघत नव्हते. "मार्चमध्ये मी तुला विचारलं होतं," ते हळूच म्हणाले. "तू म्हणालास, कुणी काही सांगितलं नव्हतं."

"त्या म्हाताऱ्याने मला तुरुंगात पाठवलं असतं!" मऊ आवाज फाटला. "दोन मजुरांच्या पायांसाठी! आयुष्यभराचं सगळं..."

पुढचं तो गिळून बसला. पण तेवढं पुरेसं होतं. हवालदार आत आला. ट्रेम्लेटने टाय नीट केला आणि कुणाकडेही न बघता त्याच्याबरोबर गेला.

फॉसेट खाकरले. "एडा, झालं गेलं... तुझी जागा अर्थात तुझीच आहे."

"ते सगळ्या माणसांसमोर सांगा. अंगणात उभे राहून," एडा म्हणाली. "आणि एमॉसचं नाव घेऊन सांगा. इथे चार भिंतींत नको."

फॉसेट उठले. मग हॅट घेऊन बाहेर गेले. थोड्या वेळाने अंगणातून त्यांचा आवाज आला. घासूनपुसून ठेवलेला, पण जरा अडखळणारा.

एडा ऐकत होती. संपल्यावर तिने प्रॉसरला विचारलं, "साहेब, एक खरं सांगाल? शाळेतल्यासारखं बोलले असते, तुमच्या त्या पुस्तकातल्या शब्दाने सांगितलं असतं, तर एमॉस वाचला असता?"

तिचा हट्ट कुठली भीती झाकत होता, ते प्रॉसरला आत्ता कळलं.

"नाही," तो म्हणाला. "काय सांगितलं गेलं ते ट्रेम्लेटला नीट कळलं होतं. तुम्ही कुठल्याही शब्दात सांगितलं असतं तरी त्याने दांडा दाबलाच असता. फक्त सबब दुसरी शोधली असती."

एडाने मान हलवली. खुर्ची ओढून बसली. मोठे हात मांडीवर पालथे ठेवले.

"मग जाताना ते दार लावून घ्या," ती म्हणाली. "मला आता जरा रडायचंय. आणि त्या मालकाला ते दिसायला नको."