भर दुपारची करडई

"करडई काय भर उन्हात काढत्यात व्हय?"

विहिरीवर घागर बुडवता बुडवता महानंदा बोलून गेली आणि मग तिनंच जीभ चावली. परक्या तरण्या माणसाला असं एकदम विचारतात का? पण करडई म्हणजे नुसते काटे. पहाटेच्या दवात ते मऊ असतात, तोवर काढून मोकळं व्हायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि हा बाबा ऊन डोक्यावर आल्यावर विळा घेऊन उभा!

तो वळला, घाम पुसून हसला.

"पहाटं जाग येत न्हाय."

"मग काटे बोचतील की."

"बोचू द्या. तुमी पाणी शेंदा."

हा बसप्पांचा शिवलिंग. गाव एकच, पण हिची गल्ली वरची, त्याची खालची. एरवी तोंड बघायचं कारण नव्हतं. माघात घराघरात उंदीर मरून पडायला लागले, पिलेग आला म्हणून निजाम सरकारची दवंडी फिरली आणि जळकोटाजवळचं ते अख्खं गाव दारांना कड्या घालून शिवारात राहायला आलं. ज्याच्या त्याच्या रानात कडब्याच्या खोपी. महानंदा आणि तिची आई नीलम्मा, दोघींची खोप बांधाच्या अलीकडं; शिवलिंगची पलीकडं. रोज कुठल्या तरी रानातून रडणं ऐकू यायचं. अशा दिवसांत माणसाला हसू येऊ नये. पण यायचं, त्याला इलाज काय?

दुपार झाली की महानंदाची घागर हमखास रिकामी व्हायची.

"अगं, सकाळी तर भरलीस!" नीलम्मा म्हणायची.

"सांडली, अव्वा..."

"दोघींना एवढं पाणी कशाला लागतं?" एकदा शिवलिंगनंही विचारलं.

"आणि तुमाला एवढ्याशा करडईला एवढे दिवस कशाला लागत्यात?"

दोघांचे कान लाल.

मग एका दुपारी करडईत कुणीच दिसलं नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. महानंदा बांधावर चढली. पार टोकाच्या लिंबाखाली, खोपीपासून लांब, शिवलिंग घोंगडीवर बसला होता.

"तिथंच थांबा!" तो ओरडला. "म्होरं येऊ नगा! काखेत गाठ आलीया. ताप बी हाय."

महानंदा बांधावरच थांबली. गाठ आली म्हणजे माणूस गेला, एवढंच त्या साली सगळ्यांना कळत होतं.

"बाप नळदुर्गाला लेकीकडं हाय, ते बरं झालं," तो म्हणाला. "तुमी बी जा. पण जायच्या आधी एक ऐका... पहाटं मला रोज जाग येते. दुपारी तुमी पाण्याला येता, म्हणून करडई दुपारी काढत होतो. आता मरायच्या वक्ताला कशाला लाजू — लई जीव हाय तुमच्यावर."

एवढं गोड बोलणं, आणि ऐकायची वेळ ही! महानंदाला रडू कोसळलं. रडता रडता तिचं लक्ष त्याच्या अंगठ्यावरच्या चिंधीकडं गेलं.

"बोटाला काय झालंय?"

"काटा मोडलाय आत. ठणकतोय चार रोज."

"गाठ त्याच हाताच्या काखेत?"

"व्हय."

महानंदानं डोळे पुसले आणि सरळ बांध उतरून गेली.

"अगं, येऊ नगंस! तुला काय झालं तर —"

"हात दाखवा."

अंगठा टम्म सुजून पिवळा पडला होता. बोट पिकलं की काखेत अवधाणाची साधी गाठ येते, ताप येतो. दुसऱ्या कुठल्याही साली हे कुणीही ओळखलं असतं. त्या साली मात्र गाठ म्हटली की माणूस हातापायाचं विसरून थेट मरणाच्या तयारीला लागायचा. तिनं बाभळीचा काटा मोडून आणला आणि काट्यानं काटा काढला. पठ्ठ्या मरणाला भ्याला नव्हता, पण आता असा ओरडला की बांधावरची साळुंकी उडाली. वर तिनं हळद-कांद्याचं गरम पोटीस बांधलं.

"महानंदा!" बांधावरून नीलम्मा किंचाळली. "हात लावलास त्याला? आता सकाळपातुर खोपीत पाऊल टाकायचं न्हाय!" असं म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली.

महानंदानं ती रात्र गुरांपाशी काढली आणि नीलम्मानं तिच्याकडं बघत खोपीच्या दारात. अवधाण असेल तर उतरेल. नसेल तर... त्याच्या पुढचं मायलेकींनी मनात येऊ दिलं नाही.

तांबडं फुटलं आणि पलीकडून आरोळी आली.

"उतरली! गाठ उतरली!"

शिवलिंग हात वर करून धावत येत होता. नीलम्मानं गळ्यातलं इष्टलिंग कपाळाला लावलं, पदरात तोंड घालून आधी रडून घेतलं, मग हसली. महानंदाच्या छातीवरचा धोंडाच उतरला. पण ती हसली नाही.

"काल लई बोलत होता," ती म्हणाली.

"काल... काल मरणार होतो की."

"आज मरत न्हाय. मग ते बोलणं परत घेताय?"

त्यानं चोरून नीलम्माकडं बघितलं. "अव्वा हायती की इथं..."

"असू देत. मला जित्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय."

शिवलिंग म्हणाला, "लई जीव हाय तुझ्यावर!" घाबरल्यामुळं आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

"ऐकलं बाबा, साऱ्या शिवारानं ऐकलं," नीलम्मा म्हणाली. "आता बाप आला की त्याला घेऊन ये. सोयरीक काय अशी बांधावरून ओरडून जुळती व्हय?"

महानंदा पुढं झाली. ताप बघायचा म्हणून आईच्या देखत तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. हात मात्र तिनं तसाच राहू दिला.