डबी बदलायची की थांबायचं?

तो पहिल्यांदा तिच्या टेबलाशी आला तो भांडायलाच. दातांच्या त्या लॅबमध्ये कॅप रंगवायच्या कामावर लागून त्याला आठवडाही झाला नव्हता, आणि समोरच्या दाताची एक कॅप त्याला संध्याकाळपर्यंत हवी होती. कॅपचा आकार कॉम्प्युटरवर घडवायचं काम हिचं. तिने तो घडवला होता. पण मशीनने सिरॅमिकचा तुकडा कुठून कसा कोरायचा, हा हिशेब कॉम्प्युटर करत बसला होता, आणि पडद्यावरची पट्टी काही हलायचं नाव घेत नव्हती.

"अजून किती वेळ?" त्याने विचारलं.

"डबीला विचारा," ती म्हणाली.

डबी म्हणजे तो कॉम्प्युटर. जेवणाच्या डब्याहून जरासा मोठा, टेबलाच्या कोपऱ्यात मावतो म्हणून मालकांनी कधीकाळी हौसेने आणलेला. आता बिचारा थकला होता. काम जड झालं की त्याचा पंखा असा घरघरायचा, की आतल्या खोलीतून मालक विचारायचे, कुणाला दम लागलाय म्हणून. तेवढ्यात तसंच झालं. मालकांनी विचारलं, ती खुदकन हसली आणि हा भांडण विसरून तिच्याकडे बघतच राहिला.

"काय झालं?"

"वरचा डावा सुळा," तो म्हणाला. "शेजारच्या दातावर जरा चढलाय."

तिने चटकन ओठ मिटले. त्या दातावरून तिने शाळेत काय कमी बोलणी खाल्ली होती!

"झाकू नका ना... मी दिवसभर सरळ रेषेतले दात रंगवतो. कंटाळा येतो हो. असा एक दात — मला जन्मात बनवता यायचा नाही."

एवढं बोलून स्वारी कानापर्यंत लाल झाली आणि स्टूल ओढून गुपचूप बसली. फाईल होईपर्यंत त्याला तरी दुसरं काय काम होतं?

मग ते रोजचंच झालं. डबी घरघरायची आणि तो स्टूल घेऊन हजर. लॅबमध्ये त्याला सगळे रंगारी म्हणायचे, तीही म्हणू लागली. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. तो सांगायचा की पांढऱ्या रंगात किती रंग असतात, आणि सांगताना त्याची बोटं टेबलावर तिच्या बोटांच्या अगदी जवळ यायची... यायची आणि थबकायची. ती मुद्दाम हात काढून घ्यायची नाही. पट्टी भरत आली की मात्र तिचा जीव खाली-वर व्हायचा.

आणि नेमका तेव्हाच मालकांनी विषय काढला. नवीन डबी आत्ता घ्यायची की थांबायचं? वापरणारी तू, तूच ठरव, असं म्हणून त्यांनी सगळं तिच्यावरच सोपवलं. दुकानदाराने तिला आधीच सांगून ठेवलं होतं, की हेच काम नवी डबी चुटकीसरशी करेल. पण घाई नसेल तर थांबा, यापेक्षा चांगलं मॉडेल येऊ घातलंय. तिच्या डोक्यात मात्र 'चुटकीसरशी' एवढंच अडकलं. चुटकीसरशी फाईल, म्हणजे चुटकीसरशी तो उठणार. किंबहुना बसणारच नाही.

"थांबूया काका," ती म्हणाली. "नवीन मॉडेल येतंय."

पुढे मालकांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिने किंमत उतरेल असं सांगितलं. त्यानंतर विचारलं तेव्हा, आहे त्याच डबीची मेमरी वाढवून बघू म्हणाली. घरी ताईने तिला बरोबर पकडलं. "कॉम्प्युटर मुंगीच्या पावलाने चालतो म्हणून पावडर लावून कामाला जाणारी तू पहिलीच असशील," ताई म्हणाली, आणि हिने उशी फेकून मारली.

एका दुपारी आतून मालकांचा चढलेला आवाज आला. रंगाऱ्याची आणखी एक कॅप डॉक्टरांकडून परत आली होती. शेजारचे दात पिवळसर आणि ही निळसर पांढरी, अशी ओरड होती. पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघावा लागेल, असं मालक स्पष्टच म्हणाले. रंगारी मान खाली घालून बाहेर आला आणि खिडकीपाशी जाऊन ब्रश धुवायला लागला.

तिला काही उमजेना. तिने विचारलं, तुझी नजर तर इतकी तयार, मग रंग चुकतो कसा? त्याने टाळाटाळ केली, पण ती हटेना. तेव्हा म्हणाला की दिव्याखाली रंग फसवतो, दाताचा रंग खिडकीतल्या उजेडातच कळतो... आणि अलीकडे काय, कॅप हातात येईपर्यंत बाहेर अंधारून आलेलं असतं.

तिने मनातल्या मनात हिशेब मांडला. डबीने उशीर केला की पुढे कोरायचं मशीन उशिरा, मग भट्टी उशिरा, आणि सगळ्यात शेवटी हा. तिच्या एकेका 'थांबूया'पायी याची नोकरी जायची वेळ आली होती, आणि ती तिकडे पट्टी भरू नये म्हणून देव पाण्यात घालून बसली होती.

ती तडक मालकांकडे गेली. डबी ताबडतोब बदला, मी चुकीचा सल्ला दिला, त्यात रंगाऱ्याचा काही दोष नाही, असं तिने एका दमात सांगून टाकलं.

मालकांनी चष्मा काढला. "तुझं एक वेळ ठीक आहे. पण तोही तेच म्हणाला."

"कोण?"

"रंगारी. डबीपायी तुझं काम अडतंय का, असं मी त्याला सरळ विचारलं होतं. छे, अजिबात नाही म्हणाला. सावकाश घ्या म्हणाला."

जिच्यामुळे त्याला बोलणी बसत होती, ती डबी त्यानेच ठेवा म्हणावं? मालक पुढे काहीतरी पुटपुटत होते, दुकानदाराचा नंबर शोधत होते, पण तिचं लक्ष कुठे होतं?

खिडकीशी तो अजून तोच ब्रश धूत होता.

"नोकरी जाईल तुझी," ती म्हणाली, "आणि तू सावकाश घ्या म्हणतोस?"

तो वळला. "तू का थांबूया म्हणालीस?"

"आधी मी विचारलंय."

खिडकीतलं ऊन त्याच्या ओल्या हातांवर पडलं होतं, आणि तिला वाटलं, आता बोलले नाही तर कधीच बोलायची नाही.

"नवी डबी आली की तू माझ्यापाशी बसणार नाहीस... म्हणून," ती म्हणाली. "मला तू आवडतोस. सरळ सांगायचं सोडून मी मॉडेलचं निमित्त करत राहिले, आणि भोगलंस तू."

त्याने ब्रश खाली ठेवला.

"बिघडलेली कॅप पुन्हा बनवता येते," तो हळूच म्हणाला. "पण डबी गेल्यावर तुला कुठे गाठायचं, काय म्हणून गाठायचं... हे विचारायची छातीच होत नव्हती माझी."

"मग आता विचार."

त्याने विचारलं. अडखळत, दोनदा चुकत विचारलं, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हो म्हणून बसली.

नवी डबी त्याच आठवड्यात आली. पंख्याचा आवाज नाही की काही नाही. पहिली फाईल हां हां म्हणता झाली, कॅप भर दुपारी त्याच्या खिडकीत पोचली आणि डॉक्टरांनी रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी दोघं लॅबमधून बाहेर पडली तेव्हा रस्त्यावर अजून चांगलं ऊन होतं. तिने ताईला फोन लावला आणि घरी यायला उशीर होईल म्हणून सांगितलं.

"का गं? नवा कॉम्प्युटरही हळूच निघाला की काय?"

"नाही गं, भलताच वेगात आहे," ती म्हणाली, आणि ताईने पुढचं विचारायच्या आत, आपण कुणाबरोबर आहोत ते तिने स्वतःच सांगून टाकलं.