बोळ बुजवण्याची मंजुरी

लिमा शहरात तेव्हा कोंबड्यांची झुंज लावायची असो की परसातली विहीर बुजवायची असो, पोलीस मंडळाच्या परवानगीवाचून पान हलत नसे. शेजाऱ्याच्या गटाराचा वास आला तरी लोक तक्रार घेऊन तिथंच धावायचे. पाव भाजणाऱ्या विधवा डोन्या एदुविहेसच्या तक्रारीवरून मंडळानं तिच्या घरालगतचा आंधळा, पलीकडे वाट नसलेला बोळ बंद करायला मंजुरी दिली, आणि दवंडीवाला तेलेस्फोरो भर दुपारी तिच्या दारात हजर झाला. गवंडी निकासिओनं भिंत जवळजवळ उभी केली होती. माणूस वाकून जाईल एवढं भगदाड तेवढं राखलं होतं.

ते राखायची रीतच होती. दवंडीवाल्यानं बंद होणाऱ्या जागेत शिरायचं आणि कुणाची हरकत आहे का, असं तीनदा विचारायचं. आतून हरकत आली तर काम थांबायचं. नाही तर तो बाहेर आला की भगदाड बुजवायचं. आजवर हरकत कधीच आली नव्हती. त्यामुळे तेलेस्फोरो विचारायचाही आपणच, आणि ‘कुणाचीच नाही!’ असं उत्तरही आपणच ठोकून द्यायचा. काम चटकन उरकायचं.

“आत पावलं वाजतात,” डोन्या म्हणाली. “एकाची नाहीत बरं का, पुष्कळांची.”

“उंदीर असतील, डोन्या.”

“उंदीर जोडे घालून फिरतात होय रे? हसू नकोस. विचारलंस की थांब जरा, उत्तराची वाट बघ.”

“तो कसला थांबतोय!” निकासिओ चुना कालवत म्हणाला. “मेल्चोरानं आज बदकभात केलाय. त्याचा जीव अडकलाय पातेल्यात.”

“बायको माझी, भात माझा, तुझं का पोट दुखतं? चल तूही जेवायला!” म्हणत तेलेस्फोरो आत शिरला.

बोळ वाटला होता त्याहून लांब होता. ओल्या मातीचा वास येत होता, आणि त्यात पुष्कळ माणसं दाटीवाटीनं बसून गेल्यावर खोलीत मागे राहतो तसला कोंदट दर्प. शेवटच्या भिंतीशी जाऊन त्यानं गळा साफ केला.

“कुणाची हरकत आहे का?” आणि लगेच, “कुणाचीच नाही!”

पुन्हा विचारलं. उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच कानाशी कुणीतरी म्हणालं, “कुणाचीच नाही!”

आवाज त्याचाच होता. तोच हेल, शेवटी तोच झटका. घुमला असेल, असं त्यानं मनाला बजावलं. पण न बोललेलं घुमेल कसं...?

हरकत आहे... माझी हरकत आहे... असं ओरडायला त्यानं छाती भरून श्वास घेतला. ओठ हलले, गळ्याच्या शिरा तटतटल्या. आवाज मात्र फुटला नाही.

पुढं, भगदाडापाशी, त्याच्याच गळ्यातून आल्यासारखा तिसरा पुकारा झाला. “कुणाची हरकत आहे का? ...कुणाचीच नाही! घे रे निकासिओ, बुजव.”

उजेडात एक पाठ वाकली. अंगात त्याचाच कोट होता. ती पाठ बाहेर पडली.

तेलेस्फोरो धावला. तो पोचेस्तोवर विटा वर चढत होत्या. चुना ओला होता. एक धक्का पुरला असता. त्यानं दोन्ही हातांनी रेटलं, पण हातांत चिंधीएवढंही बळ उरलं नव्हतं. फटीतून निकासिओचा चेहरा वीतभर अंतरावर दिसत होता. निकासिओ त्याच्याकडे बघत होता आणि शीळ घालत वीट बसवत होता.

“वाट बघितलीस ना रे नीट?” डोन्यानं विचारलं.

“खूप बघितली, डोन्या,” त्याचा आवाज म्हणाला. “खूप.”

“चल मग,” निकासिओ म्हणाला. “मेल्चोरा खोळंबली असेल.”

“हो, चल... घर कुठल्या अंगाला म्हणालास?”

निकासिओ खो खो हसला. शेवटची वीट बसली.

मेल्चोराचं नाव ऐकून तेलेस्फोरोनं आतून भिंतीवर डोकं आपटलं. त्याचाही आवाज झाला नाही. त्या मिट्ट काळोखात तो तसाच भिंतीला चिकटून उभा राहिला, कारण भिंतीपलीकडे निदान रस्ता होता.

मग एका गार हातानं त्याचं कोपर धरलं आणि त्याला हलकेच एक पाऊल मागं सारलं. तिथं दुसरा हात होता. त्यानंही मागं सारलं. मग तिसऱ्यानं. मंडळाच्या ओसरीवर, मध्येच घुसणाऱ्याला लोक असंच न बोलता रांगेच्या शेवटी धाडत.

तो मागं मागं जात राहिला. बोळाची शेवटची भिंत केव्हाच पाठीला लागायला हवी होती.