बिनमाशाच्या बरणीतला काटा

"मॅडम, एवढ्याशा जाळीत मासा गावायचा न्हाय!"

मी वळून पाहिलं. गावाजवळच्या 'कंबर' नावाच्या तलावात, गुडघाभर पाण्यात एक तरुण उभा होता, हातात माशांच्या पिल्लांचं मडकं.

"मासे नकोत. पाणपिसवा धरतेय, पाण्यातले टाचणीच्या डोक्याएवढे जीव."

"पिसवा? आमच्या म्हशीच्या अंगावर लई हायत की. फुकट न्या!"

माझे वडील, आबा, वारल्यापासून मी पहिल्यांदाच हसले. तो जाळी बघायला पुढे आला, तशी मी ती छातीशी धरली. कापडगिरणीतून आणलेल्या विरळ मलमलीची, आबांनी माझ्या एम.एस्सी.साठी शिवलेली शेवटची वस्तू...

तो सिद्धाराम, मत्स्यखात्यात होता. माझ्या घरी सांत्वनाला येणाऱ्यांची गर्दी. म्हणून त्याने खात्याच्या शेडमध्ये माझ्या दोन बरण्यांना जागा दिली. एकीत रोज घटकाभर मासा सोडायचा, दुसरीत कधीच नाही. माशाच्या हल्ल्यातून वाचलेल्या पिसवांच्या पिल्लांना डोक्यावर काटा फुटतो, एवढंच मला दाखवायचं होतं. मामांनी बजावलं होतं, "सोमवारपर्यंत काय ते उरक. मग करकंबला चल, स्थळ बघितलंय."

शनिवारी भिंगाखाली पाहिलं. बिनमाशाच्या बरणीतही काटे!

"हिला हात कुणी लावला?"

"पानी आटलं हुतं... म्हनून घातलं."

"कुठलं?"

"माशांच्या हौदातलं. पन गाळून घातलं की! एकबी मासा न्हाय गेला."

माझं सगळं काम बुडालं. मी तोंड उघडलं आणि थांबले. मासा नाही. हल्ला नाही. नुसतं माशाचं पाणी... तरीही काटा?

सोमवारी मामांना सांगितलं, "मी येणार नाही. आबांनी सुरू करून दिलेलं मी पुरं करणार." मामा रागावून एकटेच गेले.

नव्या सहा बरण्या मांडल्या. तीन बरण्यांत हौदातलं गाळलेलं पाणी, उरलेल्या तिनांत विहिरीचं. सिद्धाराम रोज येऊन विचारायचा, "आज पानी घालू का... का नको?" आणि मी डोळे वटारायचे.

पंधरा दिवसांनी पाहिलं. हौदाच्या पाण्यातल्यांना काटे, विहिरीच्या पाण्यातल्यांची डोकी गोल, गुळगुळीत.

"म्हंजे नुसत्या वासावरच काटा उभारत्यात?" तो भिंगावर वाकून म्हणाला. "तुमीबी तशाच की. त्या दिवशी मी नुसता जाळी बघाय आलो हुतो..."

मी बाजूला टेकवलेली जाळी उचलली.

"आन् मासा न्हाय हे कळल्यावर?"

"पुढच्या एक-दोन पिढ्यांत काटा जातो."

"बाप रे! मग मी पिढ्यान् पिढ्या हितंच उभा राहू?"

"मला एवढा वेळ लागणार नाही," मी म्हणाले, आणि आबांची जाळी त्याच्या हातात दिली.