एंडिंग कुणी ऐकत नाही

स्टेशन रस्त्यावर वरात आडवी आली आणि डिंपलची रिक्षा होती तिथेच थांबली. लग्नसराईत अमळनेरचा रस्ता नवरदेवाच्या मालकीचा असतो, आणि नवरदेवाच्या मामांपुढे तर पोलिसांचंही चालत नाही. डिंपल कंटाळून मोबाइल काढणार, तेवढ्यात बँडच्या गाडीवरून एक धून आली... एका गाण्यातून दुसऱ्यात शिरताना मध्येच वाजवलेली, चिमूटभर. ती लग्नातली नव्हतीच. ती एका जपानी ॲनिमे मालिकेची होती!

नाचणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. डिंपल मात्र रिक्षातून उतरून गर्दीत घुसली. गाडीवर, दिव्यांच्या माळांखाली, लाल कोट आणि सोनेरी पट्टीची टोपी घालून की-बोर्ड वाजवत होता तो तिच्याच वर्गातला राजदीप. कॉलेजात हजेरीखेरीज ज्याच्या तोंडून शब्द निघत नसे, तो. त्याने तिला पाहिलं. कानापर्यंत लाल झाला, टोपी खाली ओढली... आणि मग मान वर न करता तीच धून पुन्हा वाजवली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला कँटीनमध्ये गाठलं.

"काल चोरून काय वाजवत होतास?"

"कुणाला सांगू नको," तो चहाच्या ग्लासाकडे बघत म्हणाला. "त्या लाल कोटाचं म्हणतोय मी."

"नाही सांगणार. पण एक अट आहे."

अट गॅदरिंगची होती. डिंपल गाणार होती, भूषण गिटार वाजवणार होता, आणि की-बोर्डला माणूस मिळत नव्हता. ॲनिमेची गाणी म्हणायची म्हणून दोघांनी सरांशी केवढी हुज्जत घातली होती! सरांचं एकच पालुपद... अहिराणी गाणं घ्या, पोरं हॉल डोक्यावर घेतील. शेवटी सरांनीच हात टेकले.

"आणि मी नाही म्हणालो तर?" राजदीपने विचारलं.

"तर रोज वरातीत येईन. तुझ्याच गाडीपुढे नाचेन."

तो हसला. ते हसू डिंपलला दिवसभर पुरलं.

सराव राजदीपच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाला. तिथेच बँडची गाडी उभी असायची आणि शेजारी खाटेवर त्याचे आजोबा, लोटन आबा. उभा जन्म त्यांनी सनई-क्लॅरिनेट फुंकण्यात घालवलेला. गाणी तीन बसवायची होती. पहिली दोन झटपट ठरली. मालिकेच्या सुरुवातीला वाजणारी, धडाक्याची ओपनिंगची गाणी. तिसऱ्यावर मात्र घोडं अडलं.

"तिसरंही ओपनिंगच घेऊ," भूषण म्हणाला. "एंडिंगचं गाणं कोण ऐकतं? पडद्यावर नावं सरकायला लागली की सगळे पुढच्या भागावर उडी मारतात."

"मी ऐकतो," राजदीप म्हणाला.

"का पण?"

"इतका वेळ त्यांच्यासोबत असतो आपण... लगेच उठून जाणं बरं वाटत नाही."

आणि त्याने ते वाजवून दाखवलं. संथ, जपून पावलं टाकणारं गाणं. डिंपलने मोबाइलवर अर्थ शोधला. गाण्यातली मुलगी जाणाऱ्याकडे काहीच मागत नाही. रडत नाही, अडवत नाही. शेवटच्या ओळीत एवढंच म्हणते... पोचल्यावर कळव.

"बस? हे तर माझी आई रोज म्हणते," भूषण म्हणाला.

"म्हणून तर," राजदीप हळूच म्हणाला. त्याची नजर डिंपलकडे होती.

डिंपलला एकदम भरून आलं. तिच्या पप्पांची बँकेतून नागपूरला बदली झाली होती. गॅदरिंग आटोपलं की घर हलणार होतं, ती पुन्हा येणार होती ती फक्त परीक्षेपुरती. हे तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. राजदीपला तर मुळीच नाही.

"हेच घेऊ," ती म्हणाली, आणि गाणं ठरलं.

गाणं ठरलं, पण राजदीपला ते संपवता येईना! शेवटची ओळ झाली की त्याची बोटं आपोआप दुसऱ्या सुरांवर घसरायची, आणि एंडिंगचं पुन्हा ओपनिंग व्हायचं. रोज तेच. भूषण वैतागला. "अरे संपव की एकदाचं!"

"त्याले बोलू नका रे," आबा खाटेवरून म्हणाले. "गानं थांबनं म्हंजे वरात थांबनी. आम्ही बठ्ठा असंच शिकनूत. एकमधून दुसरामा जावानं, दुसरामधून तिसरामा. नवरीले सासरले वाटे लावतस ना, तवयच बँड थांबस. मंग फक्त रडनं ऐकू येस."

भूषण गिटार पिशवीत घालून गेला, तशी डिंपल म्हणाली, "राजदीप... आम्ही नागपूरला चाललोय. कायमचे. गॅदरिंग झालं की."

तो की-बोर्डवरची धूळ बोटाने पुसत राहिला, नव्हती तरी. ती गेटपर्यंत पोचली तेव्हा आतून तेच गाणं सुरू झालं होतं.

गॅदरिंगच्या दिवशी राजदीप स्टेजवर आला तो लाल कोट घालून. वर्गातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणी "ए बँडवाला!" म्हणून ओरडलं. त्याने टोपी सरळ केली, मान ताठ ठेवली. डिंपलला त्याचा इतका अभिमान वाटला की पहिल्या गाण्याची पहिली ओळच तिची चुकली.

दोन गाण्यांवर हॉल नाचला. तिसरं सुरू झालं आणि पोरं हळूहळू खाली बसली. जपानीतला एक शब्द कुणाला कळत नव्हता, तरी सगळे गप्प होते. डिंपल शेवटच्या ओळीशी आली. पोचल्यावर कळव... तिने डोळे मिटले. आता तो थांबणार नाही, आता त्याची बोटं पुढच्या सुरावर जातील. ती त्या सुराची वाट बघत होती.

तो थांबला. अगदी जिथे थांबायचं ठरलं होतं, तिथेच.

टाळ्यांचा कडकडाट झाला. भूषणने त्याला मिठी मारली. डिंपल पडद्यामागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली, आणि राजदीप आला तेव्हा तिला डोळे पुसायचंही सुचलं नाही.

"छान संपवलंस."

"शिकलो एकदाचा."

"मला वाटे लावलंस तू, राजदीप. सगळ्यांसमोर."

त्याने टोपी काढली. दोन्ही हातांत धरून फिरवत राहिला. "तुला अडवायचा मला काय हक्क? तुमचं घर चाललंय... तू येतेस म्हणून त्या शेडमध्ये मी रोज झाडू मारत होतो, एवढंच माहीत आहे मला."

"अडवलं असतंस तरी मी थांबले नसते," ती म्हणाली. "थांबताच आलं नसतं. पण अडवावंस असं फार वाटत होतं रे... आवडतोस तू मला. खूप. जाता जाता सांगतेय, वेडी आहे मी."

त्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग एवढंच म्हणाला, "पोचल्यावर कळव."

नागपूरच्या नव्या घरात खोक्यांमध्ये बसून तिने फोन लावला तेव्हा संध्याकाळ झाली होती. पलीकडे ढोल, ताशा, माणसांचा गलका. तो वरातीत होता.

"पोचले!" ती ओरडली.

"ठेवू नको," तो म्हणाला, आणि फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला.

चालू गाणं सरकत सरकत दुसऱ्यात शिरलं, आणि ते दुसरं एंडिंगचं होतं. पूर्ण. वाजत, गाजत, अमळनेरच्या भररस्त्यात.

"ओ भाऊ, हाई कोनतं गानं शे?" कुणा मामाने हाक दिली.

"वाजू दे, वाजू दे!" हा आवाज आबांचा.

शेवटची ओळ आली. पोचल्यावर कळव... डिंपलने श्वास रोखला. ओळ संपली, आणि त्याची बोटं न थांबता पुढच्या सुरावर गेली, तिथून पुन्हा पहिल्या ओळीवर.

आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. डिंपलने "आले, आले" म्हटलं, पण फोन कानापासून हलवला नाही.